धोतरातला खासदार आणि भूमिहीनांची सनद : कर्मवीर दादासाहेब गायकवाडांकडून आपण काय घ्यायचे?

आपल्याकडे हल्ली खासदाराचे मोल त्याच्या भाषणाच्या व्हिडिओवरून ठरू लागले आहे. संसदेत कोणी तीन मिनिटे आक्रमक बोलले की ती क्लिप आपल्या सगळ्या ग्रुपवर फिरते, आपण तिच्याखाली जयभीम लिहितो आणि पुढच्या क्लिपकडे वळतो. ज्या प्रश्नावर भाषण झाले त्याचे पुढे काय झाले, मंत्र्याने काय उत्तर दिले, ते उत्तर घेऊन कोणी गावात गेले का, हे आपण विचारत नाही. ही सवय मोडायची असेल तर आंबेडकरी चळवळीतल्या एका खासदाराचा इतिहास नीट वाचला पाहिजे. ते म्हणजे कर्मवीर दादासाहेब गायकवाड.

दादासाहेबांचे नाव आपण घेतो ते बहुधा काळाराम मंदिर सत्याग्रहाच्या संदर्भात, किंवा त्यांच्या नावाने चालणाऱ्या सरकारी योजनेमुळे. पण १९५७ ते १९६२ लोकसभेत आणि १९६२ ते १९६८ राज्यसभेत, अशी सलग अकरा वर्षे हा माणूस संसदेत होता आणि त्याच अकरा वर्षांत त्याने भूमिहीनांचे दोन मोठे सत्याग्रह उभे केले. सभागृह आणि रस्ता यांतले एक निवडा, असे आपल्याला आज सांगितले जाते. दादासाहेबांनी ही निवड कधीच केली नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की त्यांच्या संसदीय कामाचे बळ नेमके यातच होते.

आंबे ते दिल्ली

भाऊराव कृष्णराव गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यातील आंबे या गावी महार कुटुंबात झाला. त्यांच्याकडे परदेशातली पदवी नव्हती, बॅरिस्टरी नव्हती. गाव कसे चालते याचे ज्ञान मात्र पुरेपूर होते. वतन म्हणजे काय, वेठ म्हणजे काय, पाटील-कुलकर्ण्यांच्या चावडीवर महाराची जागा कुठे असते, हे त्यांना कोणी पुस्तकातून शिकवले नव्हते.

२ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. सत्याग्रह समितीचे चिटणीस दादासाहेब होते. बाबासाहेब मुंबईत, दिल्लीत, गोलमेज परिषदेसाठी लंडनमध्ये असत आणि नाशिकची आघाडी दादासाहेब सांभाळत. त्या काळात बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली पत्रे आज उपलब्ध आहेत, ती प्रत्येक तरुण कार्यकर्त्याने वाचावीत. १९३४ मध्ये बाबासाहेबांनी त्यांना कळवले की मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह पुढे चालवण्याची आता गरज नाही, समाजाची शक्ती शिक्षण आणि राजकारण यांकडे वळली पाहिजे. म्हणजे राजकारणाची दिशा दादासाहेबांना थेट बाबासाहेबांकडून मिळाली होती.

त्या दिशेने पहिले पाऊल १९३७ चे. स्वतंत्र मजूर पक्षाच्या तिकिटावर दादासाहेब मुंबई प्रांताच्या विधिमंडळात गेले. त्याच सभागृहात बाबासाहेबांनी खोती पद्धत रद्द करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर आला. आत विधेयक आणि बाहेर मोर्चा! ही जोडी नीट लक्षात ठेवा, कारण पुढे दादासाहेबांनी दिल्लीत जे केले त्याची शाळा हीच होती.

बाबासाहेबांची राहून गेलेली खंत

१८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी आपले दुःख बोलून दाखवले. शिकलेल्या वर्गाने अपेक्षाभंग केला आणि खेड्यातल्या भूमिहीन माणसासाठी आपल्या हातून व्हायला हवे होते तेवढे झाले नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत बाबासाहेब गेले.

आग्र्याचे भाषण आपण दरवर्षी आठवतो. त्यातला शिकलेल्यांवरचा ठपका नोकरदार वर्गाला सुनावण्यासाठी वापरतो. पण त्या भाषणाचा दुसरा भाग, म्हणजे भूमिहीनांचा प्रश्न, तो कोणी उचलला? तो उचलला दादासाहेबांनी. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन समितीबरोबर होते आणि दादासाहेब नाशिकमधून लोकसभेवर निवडून आले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. बाबासाहेब नसलेल्या पक्षापुढे प्रश्न होता की सुरुवात कुठून करायची. दादासाहेबांचे उत्तर ठरलेले होते: जमिनीपासून.

जमीन हा 'स्थानिक' प्रश्न कसा?

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात जमीन हा विषय राज्यसूचीत आहे. संसदेत भूमिहीनांचा प्रश्न काढला की 'हा राज्यांचा विषय आहे' असे म्हणून हात झटकण्याची सोय केंद्राला आयतीच मिळते. राज्याकडे जावे तर तिथल्या सत्तेत बसलेले बहुतेक जण स्वतःच जमीनदार जातींचे. म्हणजे भूमिहीन माणूस दिल्ली आणि मुंबई यांच्यामध्ये लटकलेला. गावातल्या गायरानाचा वाद हा तलाठ्याच्या दप्तरातला किरकोळ मामला समजला जातो तो यामुळेच.

महारवतनाचे उदाहरण घ्या. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करण्याचे विधेयक आणले. अखेर कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ मध्ये. मध्ये तीस वर्षे गेली. वेठ गेली ही मोठीच गोष्ट. पण वतनाची जमीन स्वतःच्या नावावर परत मिळवायची तर कब्जेहक्काची रक्कम भरायची आणि ती मिळाली तरी नवीन शर्तीचा शिक्का बसणार. रक्कम लहान असली तरी ज्याच्या घरात रोकड नव्हती त्याला ती डोंगराएवढी होती. आणि ज्यांच्याकडे वतनही नव्हते, त्या मातंग, चर्मकार, भटक्या आणि आदिवासी कुटुंबांचे काय? त्यांच्यासाठी उरत होते ते गायरान, पडीक आणि वनखात्याकडची जमीन.

तेव्हा दादासाहेबांनी प्रश्न असा मांडला: ज्या देशात लाखो एकर जमीन सरकारच्या नावावर पडून आहे आणि तिच्या कडेला राहणारा माणूस दुसऱ्याच्या शेतात राबून अर्धपोटी झोपतो, त्या देशात घटनेच्या कलम ४६ चा अर्थ काय? अनुसूचित जाती-जमाती आणि दुर्बल घटकांच्या आर्थिक हिताचे विशेष काळजीने संवर्धन करा, असे ते कलम राज्याला सांगते. प्रश्न असा मांडला की आंब्याच्या शिवारातले गायरान थेट राष्ट्रीय प्रश्न होते. 'स्थानिक' आणि 'राष्ट्रीय' ही भिंत सत्ताधाऱ्यांच्या सोयीची आहे. आपली वस्ती, आपला पाणवठा, आपले गायरान हे सगळे 'स्थानिक', आणि त्यांचे धरण, त्यांचा कारखाना, त्यांचा महामार्ग मात्र 'राष्ट्रीय'!

१९५९ मध्ये खासदार असतानाच दादासाहेबांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. खानदेश, नाशिक, नगर, मराठवाडा या भागांत माणसे पडीक जमिनीत उतरली, अटक करून घेतली, तुरुंग भरले. मराठवाड्यात तर बाबासाहेबांच्या हयातीतच, १९५३ मध्ये, असा सत्याग्रह झालेला होता. त्यामुळे काही टीकाकार म्हणतात तसे हे कम्युनिस्टांकडून उसने आणलेले खूळ नव्हते. ती आंबेडकरी चळवळीची स्वतःची वाट होती.

सनद

या लढ्याचा सर्वांत मोठा टप्पा १९६४ चा. दादासाहेब तेव्हा राज्यसभेत होते. १ ऑक्टोबर १९६४ रोजी रिपब्लिकन पक्षाने पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना दहा मागण्यांची सनद दिली. त्या मागण्या काय होत्या ते आजच्या तरुणांनी एकेक करून पाहावे, कारण 'आंबेडकरी राजकारण म्हणजे फक्त जातीचे राजकारण' म्हणणाऱ्यांना इतके रोखठोक उत्तर दुसरे नाही.

संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावा. कसेल त्याची जमीन करा. पडीक व सरकारी जमीन भूमिहीनांना द्या. अन्नधान्याचे पुरेसे वाटप करा आणि महागाई रोखा. झोपडपट्टीतल्या लोकांची स्थिती सुधारा. १९४८ चा किमान वेतन कायदा पूर्णपणे लागू करा. बौद्ध धम्म स्वीकारलेल्यांना अनुसूचित जातींचे घटनात्मक हक्क द्या. दलितांवरचा छळ तत्काळ थांबवा. अस्पृश्यता गुन्हे कायद्याखाली पूर्ण न्याय द्या. नोकऱ्यांतील राखीव जागा १९७० पर्यंत भरून काढा.

या दहापैकी पाच मागण्या, म्हणजे कुळाची जमीन, पडीक जमीन, धान्य, झोपडपट्टी आणि किमान वेतन, कोणत्याही एका जातीच्या नाहीत. देशातला प्रत्येक गरीब त्यांत येतो. धान्यटंचाई आणि महागाईने देश हैराण झालेला असताना एका नाशिककर खेडुताच्या नेतृत्वाखालचा पक्ष शेतमजुराचे वेतन आणि रेशनचे धान्य यांबद्दल बोलत होता. राष्ट्रीय प्रश्न मांडणे म्हणतात ते याला.

सरकारने लक्ष दिले नाही. मग ६ डिसेंबर १९६४ ला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी, देशव्यापी सत्याग्रह सुरू झाला. महाराष्ट्राबरोबर उत्तर प्रदेश, पंजाब आणि इतर राज्यांतही तो पसरला. पक्षाच्या सांगण्यानुसार तीन लाखांहून अधिक लोकांनी अटक करून घेतली. बायाबापड्या कडेवर मूल घेऊन तुरुंगात गेल्या. नाशिकच्या शांताबाई दाणी यांच्यासारख्या कार्यकर्त्या या लढ्याच्या पुढच्या फळीत होत्या. १९६५ च्या सुरुवातीला सरकारने बोलणी करून मागण्यांचा विचार करण्याचे आश्वासन दिले, तेव्हा सत्याग्रह थांबला.

एका मागणीचा प्रवास

संसदीय काम किती चिवटपणे करावे लागते हे समजण्यासाठी बौद्धांच्या सवलतींचा प्रश्न पाहा. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात हिंदू धर्माची अट होती. १९५६ मध्ये शिखांना त्यात घेतले गेले, पण त्याच वर्षी बौद्ध झालेले लाखो लोक मात्र बाहेर राहिले. जणू दीक्षाभूमीवर त्रिशरण म्हटले की गावातली अस्पृश्यता संपते आणि सवर्णाच्या विहिरीवर पाणी मिळू लागते!

महाराष्ट्र राज्य १९६० मध्ये झाले तेव्हा राज्य सरकारने आपल्या अखत्यारीतल्या सवलती नवबौद्धांना दिल्या. केंद्राने दिल्या नाहीत. याचा अर्थ काय होता तो १९६४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात दिसतो. नागपूरच्या राखीव जागेवरून १९६२ मध्ये विधानसभेवर निवडून आलेले रिपब्लिकन पक्षाचे डी. पी. मेश्राम यांची निवड रद्द झाली, कारण त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला होता. म्हणजे धम्म घेतलात तर प्रतिनिधित्व सोडा, अशी ही अट. दादासाहेब आणि पक्षाचे इतर खासदार हा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरत राहिले आणि सनदेत तो आला.

मागणी मान्य झाली ती १९९० मध्ये, विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारच्या काळात. मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लागले तेही १२ एप्रिल १९९० ला. सनदेनंतर सव्वीस वर्षांनी! २९ डिसेंबर १९७१ ला दादासाहेब गेले होते. ज्या सवलतींवर आज आपली मुले केंद्राच्या नोकरीत लागतात, त्यांच्यामागे तुरुंगात गेलेल्या, नाव-गाव न उरलेल्या लाखो भूमिहीनांची सही आहे. शिकलेल्या पिढीने हे ऋण आकड्यासकट लक्षात ठेवावे.

धोतर आणि सूट

दादासाहेबांवर टीका झाली नाही असे नाही, आणि चळवळीचा इतिहास लिहिताना ती झाकून ठेवणे आम्हाला मान्य नाही. पक्ष स्थापन होऊन दोन वर्षे होतात न होतात तोच १९५९ मध्ये त्यात फूट पडली. बी. सी. कांबळे यांचा गट 'दुरुस्त' आणि दादासाहेबांचा 'नादुरुस्त' म्हणून ओळखला जाऊ लागला. कांबळे स्वतः १९५७ च्या लोकसभेत होते आणि घटना व कायदा यांचे जाणकार होते. बाबासाहेबांचा मार्ग घटनात्मक आहे, सत्याग्रह आणि डाव्यांशी जवळीक त्यात बसत नाही, असा त्यांच्या गटाचा आक्षेप होता.

आक्षेप गंभीर होता आणि त्यावर वाद व्हायला हवा होता. पण त्या वादात दुसरेही काही मिसळले. धोतर नेसणारा, फारसा न शिकलेला खेडूत बाबासाहेबांचा वारस कसा, असा सूर शहरी शिक्षितांमधून निघू लागला. सवर्ण समाज जे आपल्याशी करतो तेच आपण आपल्याच माणसाशी केले. ज्या शिकलेल्यांबद्दल बाबासाहेबांनी आग्र्यात खंत व्यक्त केली, त्यांनीच भूमिहीनांसाठी उभ्या राहिलेल्या माणसाची पदवी तपासली, यापेक्षा मोठा विरोधाभास कोणता?

कायद्याचा अभ्यास आणि गावाचा अनुभव या दोन्ही गोष्टी पक्षाला हव्या होत्या. कांबळेंचा कायदा आणि दादासाहेबांची जनता एकत्र राहिली असती तर रिपब्लिकन पक्षाचे चित्र वेगळे दिसले असते, असे आम्हाला वाटते.

दुसरी टीका १९६७ च्या काँग्रेसबरोबरच्या समझोत्याची. यशवंतराव चव्हाणांशी दादासाहेबांनी हातमिळवणी केली. ग्रामीण भागात समाजाला सत्तेचा काही वाटा मिळावा हा हेतू असेल. पण परिणाम काय झाला? पक्षाची धार गेली, नेते पदांच्या मागे लागले आणि गावात अत्याचार होत असताना पक्ष गप्प दिसू लागला. १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली ती याच संतापातून. तीन लाख लोक तुरुंगात नेणारी संघटना तीन वर्षांत सत्ताधाऱ्यांच्या दारात उभी राहते, हा धडाही दादासाहेबांच्याच चरित्रातला आहे. वाटाघाटी करताना आपल्या मागे रस्त्यावरची माणसे आहेत तोवरच आपल्याला किंमत असते.

आज गायरानावर काय चालले आहे?

हा इतिहास आजच का? कारण प्रश्न आहे तिथेच आहे. २८ जानेवारी २०११ च्या जगपाल सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे आदेश दिले. मात्र त्याच निकालात, शासनाच्या अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना पट्टे दिलेले असतील तर अपवाद म्हणून नियमित करता येईल, असेही म्हटले आहे. नोटीस काढताना पहिला भाग वाचला जातो, दुसरा विसरला जातो. २०२२ मध्ये महाराष्ट्रात गायरानधारकांना मोठ्या प्रमाणावर नोटिसा निघाल्या तेव्हा आपण हे पाहिले.

दुसरीकडे दादासाहेबांच्याच नावाने सरकार सबळीकरण व स्वाभिमान योजना चालवते. अनुसूचित जाती व नवबौद्ध भूमिहीन कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन द्यायची, अशी ती योजना. कागदावर उत्तम! पण सरकारने ठरवलेल्या दरात जमीन विकणार कोण? आणि गावातला जमीनमालक आपल्या बांधाला लागून दलित शेतकरी येऊ देईल का? दादासाहेबांनी सरकारकडे पडून असलेली जमीन मागितली होती. सरकार त्यांच्या नावाने बाजारात जमीन शोधत फिरते आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या गायरानावरून त्यांच्याच माणसांना उठवते आहे.

म्हणून खासदार-आमदार निवडताना आणि निवडून आल्यावर आपण त्यांना तीन प्रश्न विचारू. पहिला, तुम्ही सभागृहात मांडलेला प्रश्न कोणत्या वस्तीतून आणला? दुसरा, मंत्र्याचे उत्तर घेऊन त्या वस्तीत परत गेलात का? तिसरा, उत्तर नकाराचे असेल तर लोकांबरोबर रस्त्यावर उतरणार का? दादासाहेबांनी ही तिन्ही कामे केली. कोणताही आंबेडकरी म्हणवणारा प्रतिनिधी या कसोटीवर घासून पाहा.

पण प्रश्न सभागृहात जाण्याआधी तो गावात तयार व्हावा लागतो, आणि ते काम आपले आहे. आपल्या गावात गायरान किती, ते कोण किती वर्षे कसतो, गाव नमुना एक-ई मध्ये कोणाची अतिक्रमण म्हणून नोंद आहे, कोणाकडे जुन्या दंडाच्या पावत्या आहेत, कोणाच्या पीकपेऱ्याची नोंद झाली आणि कोणाची मुद्दाम टाळली, याची यादी प्रत्येक तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी करावी. तलाठी देत नसेल तर माहितीच्या अधिकारात मागावी. अशी यादी हातात असली की प्रतिनिधीला भाषणात शेरोशायरी करावी लागत नाही आणि मंत्र्याला 'माहिती घेऊन सांगतो' म्हणता येत नाही.

दादासाहेबांची जयंती १५ ऑक्टोबरला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या दुसऱ्याच दिवशी येते. दीक्षाभूमीवरून परतताना एक दिवस त्यांच्यासाठी ठेवू. पुतळ्याला हार घालूच, पण त्याच दिवशी आपल्या तहसील कार्यालयात गायरानाची ती यादी दाखल करू आणि तिची पोच घेऊ. सनदेतल्या तैलचित्राची मागणी पूर्ण व्हायला सव्वीस वर्षे लागली. जमिनीची मागणी आजही बाकी आहे, आणि ती पुढे नेण्याची जबाबदारी आता आपल्यावर आहे.

जयभीम!